विश्वासासाठीं सोसणें
(ज्युबिली महोत्सवाच्या निमित्तानें पालेगांव येथें दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, याबद्दल मी महोत्सव-समितीचा ऋणी आहें. अशा दिवशीं वक्त्यानें आनंदाचा विषय घ्यावा, अशी रीत आहे. मीं मात्र विश्वासासाठीं सोसणें हा विषय निवडला, आणि त्याला तसेंच एक कारण घडलें.

गेल्या महिन्यांत येथीलच एक तरुण माझ्याकडे आला. औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत तो कामाला आहे. लग्न ठरलेलें, म्हणून भाड्याची खोली हवी. एके ठिकाणीं खोली पसंत पडली, भाडें ठरलें, डिपॉझिटही ठरलें. इतक्यांत घरमालकानें पूर्ण नांव विचारलें. नांव ऐकतांच "उद्यां कळवितों" असें उत्तर मिळालें. तो उद्यां अजून उगवला नाहीं. तरुण मला म्हणाला, "सर, आपण देवळांत हुतात्म्यांचे सण पाळतों. मग हा माझा छळच झाला नाहीं काय? आणि छळ झाला असेल, तर मीं करायचें काय? गप्प बसायचें, कीं भांडायचें?"

त्या दिवशीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. आज तें देण्याचा प्रयत्न करितों.

छळ हा शब्द मोठा आहे. तो तोंडीं घेण्यापूर्वीं प्रभूनें याविषयीं काय शिकविलें तें पाहिलें पाहिजे. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें निरनिराळ्या लोकांना धन्य म्हटलें आहे, आणि त्या मालिकेच्या अखेरीस छळ सोसणाऱ्यांना ठेविलें आहे. परंतु तेथें एक अट आहे, ती आपण वाचतांना घाईनें ओलांडून जातों. तो छळ नीतिमत्त्वासाठीं झालेला असला पाहिजे, आणि आपली निंदा झाली तर ती खोटी असली पाहिजे. संत पेत्रानेंही आपल्या पहिल्या पत्रांत हाच विवेक शिकविला आहे. चोर म्हणून किंवा दुसऱ्याच्या कामांत लुडबुड करणारा म्हणून कोणी सोसलें, तर त्यांत गौरव कसला? ख्रिस्ती म्हणून सोसलें, तर मात्र लाज वाटूं नये. आपल्यापैकीं कोणी उसने पैसे बुडवावे, शेजाऱ्याची वाट अडवून मंडप घालावा, मध्यरात्रीपर्यंत कर्णा वाजवावा, आणि मग चार शब्द ऐकून घ्यावे लागले म्हणजे "आम्ही ख्रिस्ती, म्हणून आमच्यावर हें संकट" असें म्हणावें, हा हुतात्म्यांचा अपमान आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, दुःख शोधीत फिरा, असें प्रभूनें कोठेंही सांगितलें नाहीं. एका नगरांत छळ झाला तर दुसऱ्या नगरांत पळून जा, असेंच त्यानें शिष्यांना सांगितलें. स्वतः त्यानेंही गेथशेमनीच्या बागेंत तो प्याला टळावा म्हणून पित्याची करुणा भाकली. ख्रिस्ती धर्म दुःखाची पूजा करीत नाहीं. आपण क्रूसाला वंदन करितों, तें त्यावरील वेदनेंतही जी प्रीति आटली नाहीं तिच्यासाठीं.

मग हुतात्मा कोणाला म्हणावें? आपला मराठी शब्द यज्ञावरून आला आहे. ज्यानें स्वतःची आहुति दिली तो हुतात्मा. नवा करार ज्या भाषेंत लिहिला गेला त्या ग्रीक भाषेंत मात्र जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे. अरबी भाषेंतही तसेंच. न्यायासनापुढें साक्ष देणारा तो शाहिद, आणि धर्मासाठीं प्राण देणारा तो शहीद. दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. हा शब्दार्थ ध्यानांत असूं द्या. कारण जी कथा मी आतां सांगणार आहें, ती एका काझीच्या कचेरींत, एका साध्या साक्षीपासूनच सुरू होते. ती रोमची नाहीं, कीं दूरदेशचीही नाहीं. येथून आगगाडीनें तासाभराच्या आंत जेथें पोंचतां येतें, त्या ठाणें शहरांतील ती आहे.

इ. स. १३२१ ची ही गोष्ट. आपल्या शेजारच्या अंबरनाथाच्या शिवालयावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख आहे. म्हणजे हें शिवालय त्या वेळींही जुनें झालें होतें. ठाणें हें समुद्रावरील बंदर होतें, आणि तेथें दिल्लीच्या सुलतानाच्या वतीनें एक मलिक अंमल करीत होता. त्या वर्षीं संत फ्रान्सिसच्या संघाचे चार बंधु इराणच्या आखातांतील होर्मुझ बंदरांतून जहाजानें निघाले. इटलींतील तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. त्यांच्याबरोबर डोमिनिकन संघाचे फादर जॉर्दानस होते. त्यांना जावयाचें होतें कोल्लमला, मलबारांतील ख्रिस्ती लोकांकडे. जहाज मात्र ठाण्याला लागलें. ठाणें त्यांनीं निवडलें नव्हतें. तें त्यांच्या वाट्याला आलें.

ठाण्यांत त्या काळीं पूर्वेकडील नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं. त्यांतील एका घरीं हे पाहुणे उतरले. जॉर्दानस पुढें सोपारा व भडोच या बाजूला निघून गेले. मागें राहिलेले चौघे ज्या घरीं उतरले होते, तेथें एके दिवशीं नवराबायकोचें भांडण झालें व नवऱ्यानें बायकोला मारलें. ती फिर्याद घेऊन काझीकडे गेली. काझीनें विचारलें, याला साक्षीदार कोण? ती म्हणाली, आमच्या घरीं परदेशी संन्यासी उतरले आहेत, त्यांच्या देखत हें घडलें. तेथें अलेक्झांड्रियाचा एक मनुष्य बसला होता. त्यानें सुचविलें कीं, हे लोक विद्वान् आहेत, त्यांना बोलावून धर्माचा वाद करावा. काझीनें बोलावणें धाडलें. पीटर सामान राखण्यासाठीं घरीं राहिले, आणि तिघे गेले.

मार खाल्लेल्या एका बाईच्या न्यायाची गोष्ट अशा रीतीनें बाजूला पडली, व धर्माचा वाद सुरू झाला. येशू ख्रिस्त केवळ मनुष्य, कीं देवही? थॉमस यांनीं आपला विश्वास स्पष्ट सांगितला. मग इस्लामच्या पैगंबरांविषयीं त्यांना विचारण्यांत आलें. प्रथम त्यांनीं उत्तर टाळलें. पुन्हां पुन्हां विचारल्यावर जें उत्तर दिलें तें कठोर होतें, आणि जमलेला समुदाय खवळला. तिघांना भर उन्हांत उभें करण्यांत आलें. ठाण्याचें एप्रिलचें ऊन काय असतें, हें आपणांस सांगावयास नको. पुढें थोड्याच वर्षांनीं फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक ठाण्यास आले, त्यांनीं हा सर्व वृत्तांत लिहून ठेविला आहे. ते सांगतात कीं, जेम्स यांना दोनदां अग्नींत टाकलें आणि दोन्ही वेळां ते सुखरूप बाहेर आले. हें पाहून मलिकानें तिघांना सोडलें, आणि त्यांच्या जिवाला धोका आहे हें ओळखून त्यांना खाडीपलीकडे पोंचतें केलें. परंतु काझीच्या आग्रहापुढें त्याचें मन टिकलें नाहीं. रात्रीं मारेकरी गेले, आणि तिघांचाही अंत झाला. तो दिवस ९ एप्रिल, झावळ्यांच्या रविवारापूर्वींचा गुरुवार. शनिवारीं, ११ एप्रिलला, घरीं राहिलेल्या पीटर यांनाही ठार करण्यांत आलें. जॉर्दानस यांनीं परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढें ओदोरिक यांनीं त्या अस्थि आपल्याबरोबर थेट चीनपर्यंत नेल्या. तोलेंतिनोचे थॉमस यांच्या वंदनास पोप तेरावे लिओ यांनीं १८९४ सालीं मान्यता दिली.

या कथेंतून मला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली ही कीं, या बंधूंची साक्ष धर्मवादापासून सुरू झाली नाहीं. ती त्या मार खाल्लेल्या बाईच्या एका वाक्यापासून सुरू झाली. घरांत उतरलेले हे परके लोक खोटें बोलणार नाहींत, यजमानाची भीड धरून "आम्हीं कांहीं ऐकलें नाहीं" असें म्हणणार नाहींत, अशी तिची खात्री होती. साक्षीदाराची पात्रता तेथें आहे. आपल्या चाळींत, भिंतीपलीकडे एखाद्या बाईला मार बसतो, तेव्हां ती आपलें नांव साक्षीदार म्हणून सांगेल काय? आणि सांगितलें, तर आपण जाऊं काय? जो एवढी लहान साक्ष देत नाहीं, त्यानें मोठ्या साक्षीचीं स्वप्नें पाहूं नयेत.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. या कथेंत मारणारे मुसलमान होते, आणि तिघांना खाडीपार नेऊन वांचविण्याचा यत्न ज्यानें प्रथम केला, तो मलिकही मुसलमानच होता. ओदोरिक तर असेंही सांगतात कीं, ही हकीकत कळल्यावर दिल्लीच्या सुलतानानें त्या मलिकाला देहान्ताची शिक्षा दिली. तेव्हां सातशें वर्षांपूर्वींच्या या रक्ताचा हिशेब आज कल्याणच्या किंवा भिवंडीच्या एखाद्या शेजाऱ्याकडे मागणें, हा शुद्ध अन्याय होय. थॉमस यांच्या धैर्याला मी वंदन करितों. त्यांचे शब्द मात्र आपण आज उचलून वापरावे असें मला वाटत नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रांत मुस्लिम बांधवांविषयीं आदर बाळगण्यास आपणांस शिकविलें आहे. आपल्या विश्वासाची साक्ष देण्यासाठीं दुसऱ्याच्या श्रद्धेचा अपमान करावा लागत नाहीं.

तिसरी गोष्ट जॉर्दानस यांची. चौघांना मुकुट मिळाला, आणि हे मागें राहिले. अडीच वर्षें ते या किनाऱ्यावर एकटे होते. त्यांचें ठाण्याहून लिहिलेलें १३२४ सालचें पत्र उपलब्ध आहे. चांचांच्या हातीं सांपडलों, तुरुंग भोगला, आळ आले, शिव्याशाप ऐकले, अंगावर नुसता सदरा राहिला, असें त्यांत ते सांगतात. तरी त्यांची मागणी काय? मला परत न्या, अशी नाहीं. येथें काम पुष्कळ आहे, आणखी बंधु पाठवा, अशी आहे. एका घावांत संपणारें दुःख कठीण खरेंच. परंतु रोज उठून एकट्यानें तेंच काम करीत राहणें, याचीही देवाच्या घरीं नोंद होते. आपल्यांतील कितीएक विधवा, कितीएक म्हातारे आईबाप, हे याच जातीचे साक्षीदार आहेत.

आतां आपल्या मातींत जन्मलेल्या संताकडे वळूं. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. लहान वयांत येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले, ती भाषा शिकले, आणि आठ वर्षें धर्मशिक्षक म्हणून राबले. संघांत आपल्याला घ्यावें ही त्यांची फार इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं. विचार करा, बंधूंनो. परक्यांनीं नाकारलें तर आपण तक्रार करितों. येथें तर आपल्याच धर्मबंधूंच्या संघांत जागा मिळाली नाहीं. गोन्सालो रुसून धर्म सोडून गेले नाहींत. त्यांनीं व्यापार केला, त्यांत यश मिळविलें, आणि मग मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत सामान्य बंधु म्हणून दाखल झाले. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानला गेले. क्योतो नगरींत त्या बंधूंनीं कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली.

पुढें १५९६ सालीं एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलें, आणि त्या निमित्तानें राज्यकर्ता हिदेयोशी याचा संशय भडकला. मिशनऱ्यांच्या मागून सैन्य येणार, अशी भीति त्याच्या मनांत भरली. सव्वीस जणांना धरण्यांत आलें. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, आणि बाकीचे सतरा साधे प्रापंचिक ख्रिस्ती. त्यांतील सर्वांत लहान लुईस अवघा बारा वर्षांचा होता. क्योतो येथें त्यांतील बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, आणि भर हिवाळ्यांत महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीला नेलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसावर चढवून भाल्यांनीं ठार केलें. त्यांतील पॉल मिकी यांनीं क्रूसावरूनच मारणाऱ्यांना क्षमा केली. पोप नववे पायस यांनीं ८ जून १८६२ रोजीं या सर्वांना संतपद दिलें; वसईचा मुलगा वेदीवर विराजमान झाला.

या रक्ताचें पुढें काय झालें, हें ऐकण्यासारखें आहे. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू उरले नाहींत, देवळें उरलीं नाहींत. दोनशेंहून अधिक वर्षें घरांतील वडीलधाऱ्यांनींच मुलांना बाप्तिस्मा दिला, आणि आजीनें नातवाला कानांत प्रार्थना शिकविली. १८६५ च्या मार्च महिन्यांत, नागासाकींत परदेशी लोकांसाठीं नुकत्याच बांधलेल्या देवळांत कांहीं खेडूत आले, आणि आपलाही विश्वास हाच आहे, असें तेथील धर्मगुरूंना त्यांनीं हळूच सांगितलें. तें देऊळ कोणाच्या नांवाचें होतें? त्या सव्वीस हुतात्म्यांच्या नांवाचें. म्हणजे आपल्या गोन्सालोंच्याही नांवाचें. बंधुभगिनींनो, विश्वास टिकला तो स्वयंपाकघरांतल्या आज्यांनीं टिकविला.

येथपर्यंत ऐकून आपली छाती अभिमानानें फुगली असेल. म्हणून आतां एक कडू घोट घेतला पाहिजे. छळ सोसणाऱ्यांच्या यादींत आपलीं नांवें आहेत, तशीं छळ करणाऱ्यांच्या यादींतही आहेत. पोर्तुगीज अमलांत गोव्यांत, साष्टींत, आणि वसई-ठाण्याच्या या भागांतही हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं. गोव्यांत १५६० सालीं धर्मन्यायपीठ आलें, तें मध्यंतरींचीं कांहीं वर्षें वगळतां १८१२ पर्यंत चाललें. त्यानें माणसांना त्यांच्या मनांतील श्रद्धेसाठीं, घरांतील चालीरीतींसाठीं शासन केलें. ज्या प्रभूनें पेत्राला तरवार म्यानांत घालावयास सांगितली, त्याच्याच नांवानें हें झालें. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १२ मार्च २००० रोजीं रोम येथें, सत्याच्या नांवाखालीं ख्रिस्ती लोकांनीं केलेल्या अशा अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. जगद्गुरूंना जें कबूल करण्यास लाज वाटली नाहीं, तें कबूल करण्यास आपल्याला वाटूं नये. मारणारा आपला असला म्हणून तो हुतात्मा होत नाहीं, आणि मार खाणारा परका असला म्हणून त्याचें दुःख खोटें ठरत नाहीं.

हें शिकण्यासाठीं आपल्याला दूर जावयास नको. आपल्या शेजारीं उल्हासनगर आहे. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली, तेव्हां सिंधमधील हजारों कुटुंबें घरदार, दुकानें, शेतें, वाडवडिलांचीं स्मशानें मागें टाकून कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलीं. त्यांचा अपराध एवढाच कीं, सीमेच्या ज्या बाजूला ते होते त्या बाजूच्या बहुसंख्यांचा धर्म त्यांचा नव्हता. १९४९ सालीं त्या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. बाजारांत ज्या सिंधी दुकानदाराशीं आपण चार रुपयांसाठीं घासाघीस करितों, त्याच्या आजोबांनीं धर्मासाठीं किंमत मोजलेली आहे. सोसण्याचा मक्ता आपल्याकडे नाहीं. ज्यानें स्वतः सोसलें आहे, त्याला दुसऱ्याचें सोसणें ओळखतां आलें पाहिजे; नाहीं तर तें सोसणें वायां गेलें.

आपल्या काळांतील एक उदाहरण सांगतों आणि मग त्या तरुणाकडे येतों. केरळांत जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशांत उदयनगर भागांत गरीब शेतकऱ्यांमध्यें काम करीत. सावकारी कर्जांतून त्यांना सोडविण्याची वाट त्या दाखवीत, म्हणून कित्येकांच्या डोळ्यांत त्या सलूं लागल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं इंदूरकडे जाणाऱ्या मोटारींत, उतारूंच्या देखत, भाडोत्री मारेकऱ्यानें त्यांना भोसकून ठार केलें. त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ सालीं तुरुंगांत गेली आणि तिनें त्या मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. पुढें तो सुटला. पश्चात्तापानें त्या घरीं गेला, तेव्हां मृत सिस्टरच्या आईनें त्याचे हात हातीं घेऊन त्यांचें चुंबन घेतलें. ज्या हातांना आपल्या लेकीचें रक्त लागलें होतें, ते हे हात, असें ती म्हातारी समजत होती. ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं इंदूर येथें सिस्टर राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यांत आलें. लेकीनें एकदां साक्ष दिली. बहिणीनें आणि आईनें ती पूर्ण केली.

आतां त्या तरुणाचा प्रश्न. तत्पूर्वीं मला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी कल्याणास नवीन नोकरीला लागलों, तेव्हां मलाही खोली हवी होती. माझ्या पहिल्या नांवावरून धर्म कळत नाहीं. मीं तेवढेंच सांगितलें, आणि आडनांव गिळलें. खोली मिळाली. घरमालकीण वयस्क, देवधर्म करणाऱ्या. दहा महिने मी जपमाळ खिशांत ठेवून राहिलों. नाताळ आला, तरी मीं कंदील लावला नाहीं. नाताळच्या संध्याकाळीं त्या आजी दारांत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा आज सण ना? दारांत दिवा नाहीं तो?" पोस्टमननें पहिल्याच महिन्यांत माझें पूर्ण नांव त्यांना वाचून दाखविलें होतें. दहा महिने मी ज्याला भीत होतों, तो छळ माझ्या मनांतच राहत होता. आणि त्या भीतीपायीं एका भल्या बाईविषयीं मीं मनांत वाईट धरलें होतें.

माझें नशीब चांगलें. त्या तरुणाचें तसें नव्हतें. त्याला खरोखरच नांवासाठीं नाकारलें, असें दिसतें. तेव्हां मुला, माझें उत्तर हें. ठाण्याच्या चौघांपुढें तुझें दुःख लहान आहे, पण तें खोटें नाहीं. एका बाजूला ठेविलें जाणें, हाही क्रूसाचा एक तुकडाच आहे. तूं आपलें पूर्ण नांव सांगितलेंस, मीं सांगितलें नाहीं. म्हणून या बाबतींत तूं माझ्यापेक्षां चांगला साक्षीदार ठरलास. पुढच्या ठिकाणींही पूर्णच सांग.

गप्प बसावें, कीं भांडावें, असें तूं विचारलेंस. संत पौलाकडे पाहा. त्याला बांधून फटके मारावयास निघाले, तेव्हां त्यानें आपण रोमी नागरिक असल्याचें सांगितलें. अन्याय होतो असें दिसलें, तेव्हां कैसराकडे दाद मागितली. न्याय मागणें हें क्षमेच्या विरुद्ध नाहीं. आपल्या देशाच्या राज्यघटनेनें २५ व्या कलमांत प्रत्येकाला आपल्या श्रद्धेप्रमाणें वागण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे. तो हक्क भीक म्हणून मागावयाचा नसतो. जेथें दाद मागतां येते, तेथें शांतपणें, सभ्य भाषेंत, खरें तेवढेंच बोलून अवश्य मागावी. परंतु त्या घरमालकावरून त्याच्या साऱ्या समाजाला नांवें ठेवूं नकोस. तो एक मनुष्य आहे. कदाचित् माझ्यासारखाच भ्यालेला.

आणि आतां तुम्हां सर्वांना एक प्रश्न. या सभेंत अशीं कांहीं कुटुंबें आहेत, ज्यांच्या स्वतःच्या खोल्या भाड्यानें दिलेल्या आहेत. कोणी दारांत आला, त्यानें नांव सांगितलें, आणि त्या नांवावरून त्याचा धर्म, त्याची जात, त्याचा प्रांत आपल्याला कळला. आपणही कधीं "उद्यां कळवितों" असें म्हटलें नाहीं काय? ख्रिस्ती असूनही ख्रिस्ती माणसाला, तो अमुक वस्तींतला म्हणून, परत पाठविलें नाहीं काय? माझ्या मतें ज्युबिलीच्या वर्षीं हा प्रश्न प्रत्येकानें पापनिवेदनास जाण्यापूर्वीं स्वतःला विचारावा. जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष सांगितलें आहे तें कर्जांतून, दास्यांतून माणसें सुटावीं आणि ज्याची जागा त्याला परत मिळावी, यासाठींच. रोषणाई व मिरवणूक ही तिची शोभा होय. दार उघडणें हा तिचा गाभा आहे.

ठाण्याच्या त्या बाईला चार परके लोक खरें बोलतील असा विश्वास वाटला. या पालेगांवांत, या अंबरनाथच्या परिसरांत, कोणाही धर्माच्या अडल्या मनुष्याला "त्या ख्रिस्ती घराकडे जा, तेथें खरें बोलतात, तेथें दार लागत नाहीं" असें सांगतां यावें, एवढें झालें तर आपल्या धर्मग्रामानें हुतात्म्यांचा वारसा राखला, असें मी म्हणेन.

तो तरुण आज या सभेंत बसला आहे. त्याचें लग्न ईस्टरनंतर आहे, आणि खोली अजून मिळालेली नाहीं. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.

ठाण्याचे हुतात्मे आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीनें प्रभु आपणां सर्वांना खरें बोलण्याचें धैर्य, सोसण्याचें बळ, आणि क्षमा करण्याची कृपा देवो. आमेन.